खारेपाट आणि विद्यापीठ

उच्चशिक्षणातल्या सुधारणांवर लिहायचे म्हटले की लेखणी आपोआप दिल्लीकडे वळते. आयोग, अहवाल, धोरण, मसुदा आणि पुन्हा आयोग. पुढच्या पानांत त्यांची दखल घेतलेली आहे, आणि ती घ्यावीच लागते. प्रस्तावनेला मात्र मी धरमतरच्या खाडीपासून सुरुवात करणार आहे. देशाच्या उच्चशिक्षणाचा प्रश्न एवढ्याशा खाडीत मावत नाही हे मान्य. पण धोरणाच्या कागदावर जो प्रश्न नुसता धूसर दिसतो, तो इथे चिखलात पाय रोवून उभा असलेला दिसतो.

सुधागडातून उतरणारी अंबा नदी नागोठण्यापाशी, म्हणजे रोहा तालुक्यात, भरती-ओहोटीच्या हद्दीत येते. तिथून पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या मधून रुंदावत ती रेवस-करंजाजवळ मुंबईच्या समुद्राला मिळते. हीच धरमतरची खाडी. एके काळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरला उतरायचे आणि पुढे एस.टी.ने अलिबाग गाठायचे, हा मुंबईहून येण्याचा रुळलेला रस्ता होता. आज त्याच पाण्यातून कच्चा माल भरलेले बार्ज डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातात. हा कारखाना आधी निप्पॉन डेन्रो, मग इस्पात, आणि २०१० नंतर जेएसडब्ल्यू या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याची क्षमता आता वर्षाला १ कोटी टनांवर गेली आहे. कारखान्याच्या आसपास आणि खाडीपलीकडे पसरलेला मुलूख म्हणजे खारेपाट: समुद्राला बांध घालून मिळवलेली भातशेती, जिताड्याची तळी, आगरी-कोळ्यांची गावे, आणि डोंगराकडे सरकत गेले की कातकऱ्यांच्या वाड्या.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांशी नाते असलेल्या दोन माणसांनी पदवी या गोष्टीकडे अगदी उलट्या बाजूंनी पाहिले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचे वडील रोह्याला वकिली करत, त्यामुळे चिंतामणरावांचे बालपण रोह्याच्या बाजूला गेले. एका जिल्ह्यातली, एका पिढीची ही दोन बुद्धिमान मुले.

विनायकाचे वडील नोकरीनिमित्त बडोद्याला होते. तिथे कॉलेजात असताना त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या देखत चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. पुढे तो विनोबा झाला. चिंतामणरावांनी १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक मिळवला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेतही ते पहिले आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ते आपल्याला माहीत आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे म्हणून तर मराठी माणसाच्या मनात त्यांची जागा पक्की आहे. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते याच जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा, मतदारसंघातून. त्यांच्या कारकिर्दीचा एक भाग मात्र आपण सहसा वाचत नाही. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष चिंतामणराव झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. नंतर ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही होते. स्वतंत्र भारतातल्या विद्यापीठांना पैसा कसा द्यायचा, दर्जा कसा ठरवायचा, पदवी किती वर्षांची असावी, या सगळ्याची घडी बसली त्या वर्षांत रोह्याकडचा हा माणूस मध्यभागी होता.

म्हणजे आजच्या व्यवस्थेचा एक शिल्पकार आणि तिचा एक मूळ नकारकर्ता, दोघेही कुलाबा जिल्ह्याचे. या योगायोगातून मला कसलेही तात्पर्य काढायचे नाही. प्रश्नाची दोन टोके मात्र हाताशी येतात. शिक्षणाने माणूस मुक्त व्हावा हे विनोबांचे टोक. बुद्धीला वर चढायला खुली, निःपक्षपाती शिडी असावी हे देशमुखांचे. आपण गेल्या पाऊणशे वर्षांत दोन्ही टोके तोंडाने धरली आणि प्रत्यक्षात हाती राहिले ते तिसरेच: पदवीचा कागद. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पदवी आणि नोकरी यांची फारकत करावी असे सरळ लिहिले होते. त्यानंतर शिपायाच्या जागेसाठी पदवीधरांच्या रांगा कमी झाल्या का, हे वाचकाला सांगायला नको.

खारेपाटातल्या मुलीने विनोबांचे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. दाखला जाळायचा तर आधी तो घरात यावा लागतो. वाडीतून निघून, सहाआसनी पकडून तालुक्याच्या कॉलेजात येणारी, घराण्यात पहिल्यांदाच तेरावीला बसलेली मुलगी त्या कागदाकडे जशी पाहते, तसे पाहण्याची गरज बडोद्याच्या ब्राह्मण नोकरदाराच्या मुलाला नव्हती. हे विनोबांना कमी लेखायला म्हणत नाही. त्यांचे धैर्य खरेच होते. पण सुधारणांच्या चर्चेत ‘पदवीचे स्तोम’ हा शब्द फार सहज वापरला जातो, आणि वापरणाऱ्यांच्या भिंतीवर बहुधा दोन-तीन पदव्या टांगलेल्या असतात.

मग बिघडले कुठे? माझे उत्तर एका वाक्यात सांगता येते. खाडीकाठच्या कॉलेजात काय शिकवायचे हे ते कॉलेज ठरवत नाही, ते शिकले गेले की नाही हेही ते कॉलेज ठरवत नाही, आणि म्हणून ते कॉलेज असूनही परीक्षाकेंद्र राहते. बाकीचे दोष, म्हणजे गाईड, अपेक्षित प्रश्नसंच, एटीकेटीचे हिशेब, रिकामे वर्ग, हे या एका गोष्टीच्या पोटी येतात.

याचे मूळ १८५७ सालात आहे. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर उभी राहिली. विद्यापीठाने स्वतः शिकवायचे नाही, संलग्न कॉलेजांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या, असा तो नमुना. साम्राज्याला स्वस्तात कारकून, वकील आणि मास्तर मिळवून देणारी ही सोय होती. लंडनने स्वतः तो नमुना पुढे बदलला. आपल्याकडे १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मुभा दिली, पण संलग्नतेचे जाळे विणत राहिले ते आजतागायत. मुंबई विद्यापीठाखाली आज आठशेहून अधिक कॉलेजे आहेत, डहाणूपासून दोडामार्गापर्यंत. मलबार हिलच्या पायथ्याचे कॉलेज आणि पेण-रोह्याचे कॉलेज एकच प्रश्नपत्रिका एकाच सकाळी फोडतात.

या जाळ्याविरुद्ध बोलणारे कोणी नव्हते असे नाही. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीला बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी उत्तरे पाठवली होती. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या आंबेडकरांना परीक्षा घेणारे विद्यापीठ हे विद्यापीठच वाटत नव्हते. शिकवणे आणि संशोधन यांची ताटातूट केली की दोन्ही निर्जीव होतात, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. शंभर वर्षांनंतर ती उत्तरे वाचली तर तारीख खोडून आजची घालावी असे वाटते. स्वातंत्र्यानंतरच्या राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) सांगितले की एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षापद्धतीची सुचवू. त्याच आयोगात आर्थर मॉर्गन नावाचे अमेरिकन गृहस्थ होते. टेनेसी खोऱ्याच्या प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष. एका नदीच्या खोऱ्याचा संसार उभा करताना शिकलेल्या या माणसाचा आग्रह होता की भारतात ग्रामीण विद्यापीठे काढा, भोवतालच्या जगण्याशी गुंतलेली. अहवालात त्यावर प्रकरण आले आणि तिथेच थांबले.

त्या कल्पनेचा एक तुकडा आपण उचलला. अमेरिकेतल्या १८६२च्या मॉरिल कायद्यातून निघालेल्या ‘लँड ग्रँट’ कॉलेजांच्या धर्तीवर कृषी विद्यापीठे काढली: पंतनगर १९६०, राहुरी १९६८, दापोली १९७२. पण अमेरिकेत ती कॉलेजे शेतीबरोबर साहित्य, इतिहास, अभियांत्रिकीही शिकवत होती. आपण शेती तेवढी वेगळी काढून एका खात्याच्या दावणीला बांधली आणि तालुक्याच्या कॉलेजांना कला-वाणिज्य-विज्ञान या तीन खोल्या दिल्या. या वाटणीचे काय परिणाम झाले ते खारेपाटात दिसतात.

लोणेऱ्याचे उदाहरण तर जिल्ह्यातलेच आहे. १९८९ साली तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले ते स्वतः शिकवणारे, एका आवारातले विद्यापीठ म्हणून. ज्या माणसाने संलग्नतेवर टीका केली त्याचे नाव दिलेले हे विद्यापीठ २०१४च्या कायद्याने संलग्नता देणारे झाले, आणि आता राज्यभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या परीक्षा तिथून चालतात. हा निर्णय घेताना हा विरोधाभास कोणाच्या लक्षात आला असेल का, याची मला शंका आहे.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट घाईने घातला आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावे लागले. त्या पावसाळ्यात चर्चा झाली ती सॉफ्टवेअरची आणि कंत्राटाची. मूळ प्रश्न साधा होता. रोह्याच्या मुलाने अर्थशास्त्राच्या पेपरात काय लिहिले, हे त्याला तीन वर्षे शिकवणाऱ्या बाईंना वाचता येऊ नये, त्यासाठी तो कागद विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात का जावा? आपला शिक्षकावर विश्वास नाही, हे त्याचे खरे उत्तर आहे. अविश्वासाला कारणे आहेत आणि त्यांकडे मी येतोच.

आधी खारेपाटाकडे. समुद्राचे पाणी अडवून शेत करणे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. बांध किती उंच, माती कुठली, उघाडी कुठे बसवायची म्हणजे ओहोटीला आतले पाणी बाहेर पडेल आणि भरतीला खारे पाणी आत येणार नाही, पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले की मोड आलेले बियाणे कधी टाकायचे, हे सगळे इथल्या शेतकऱ्याला पाठ. बांधाची देखभाल गाव मिळून करी. जोळ नावाची ही सामुदायिक व्यवस्था होती. १९४८च्या खारभूमी कायद्याने बांध सरकारच्या अखत्यारीत येत गेले, १९७९चा कायदा त्यात आणखी भर घालून गेला, आणि जोळ सुटत गेली. आता बांधाला खांड पडली की अर्ज करायचा, अंदाजपत्रकाची वाट पाहायची. तोवर दोन-चार हंगाम जातात, शेतात खारे पाणी ये-जा करते आणि कांदळवन उगवते. कांदळवन उगवले की ते वनकायद्याच्या आणि न्यायालयाच्या आदेशांच्या संरक्षणाखाली येते. सातबारावर भातशेती, डोळ्यांसमोर तिवराचे जंगल.

हा एक प्रश्न घेऊन बसले तर पदवीचे किती विषय त्यात गुंततात पाहा. मातीतल्या क्षारांचे रसायन, तिवराचे वनस्पतिशास्त्र, लाटा आणि बांधाचे भौतिक, जमीनधारणेचा इतिहास, खारभूमीचे कायदे, जोळ मोडल्याचे समाजशास्त्र, नुकसानभरपाईचा हिशेब, आणि हे सारे लोक ज्या आगरी बोलीत सांगतात तिचा अभ्यास. कमी नाही, पूर्ण विद्यापीठाचा ऐवज आहे. तो वाटला गेला आहे असा: क्षार सहन करणाऱ्या भाताचे संशोधन पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात होते, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे. काळा रता, भुरा रता या जुन्या खाऱ्या जमिनीतल्या वाणांतून निवड करत आणि पुढे पनवेल नावाचे वाण काढत तिथे चांगले काम झाले आहे. तालुक्याच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्र मुंबई विद्यापीठाचे. बांध खारभूमी खात्याचे, तिवरे वनखात्याचे, खाडीतली वाहतूक बंदरखात्याची. बी.एस्सी.ला बसलेल्या वढावच्या किंवा बोर्झ्याच्या मुलाला या सगळ्यांत जायचा रस्ता नाही. तो क्षारसहिष्णुता हा शब्द पाठ करतो, आणि घरी त्याचे वडील भिजलेल्या बांधावरून चालताना कुठे फुगा येतोय ते पायाने ओळखतात. दोघांची भेट जेवणाच्या ताटावर होते, वर्गात होत नाही.

इथला माणूस अभ्यास करू शकत नाही असे कोणी म्हणू नये. धरमतरपासून हाकेच्या अंतरावरच्या चरीत १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. जमिनी ओस टाकून तो त्यांनी वर्षानुवर्षे, १९३९ पर्यंत चालवला. खोती रद्द करण्याचे आंबेडकरांचे विधेयक आणि पुढचे कूळकायदे यांच्या मागे या संपाचे बळ आहे. आणि अलीकडचे सांगायचे तर महामुंबई सेझसाठी जमिनी संपादित होणार म्हटल्यावर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांनी सरकारला जनमत घ्यायला लावले. २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान झाले. सेझला जमीन द्यायची का, असा प्रश्न विचारून घेतलेले असे मतदान देशात क्वचितच झाले असेल, आणि कौल मोठ्या बहुमताने विरोधात गेला. ओलिताची जमीन म्हणजे काय, लाभक्षेत्र कसे ठरते, संपादनाची कलमे काय म्हणतात, हे त्या दिवसांत शेतावर आणि देवळात शिकले जात होते. राज्यशास्त्राच्या टीवायच्या पेपरात त्या वर्षी सार्वमतावर प्रश्न असेल तर तो बहुधा स्वित्झर्लंडवर असणार.

आणखी एक उदाहरण मला सोडवत नाही. पेणचे गणपती. पेण शहरात आणि हमरापूर-जोहे भागात घरोघर कारखाने आहेत, आणि इथल्या मूर्ती परदेशातही जातात. गेली काही वर्षे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न न्यायालयांत, प्रदूषण मंडळांत आणि गावागावांत गाजतो आहे. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, ही अडचण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यावर एक सोपी रीत दाखवली: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवायची. कॅल्शियम सल्फेटचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते आणि वर राहते अमोनियम सल्फेटचे पाणी, म्हणजे खतच. पुण्यात विसर्जनासाठी ही रीत वापरलीही गेली. ही अभिक्रिया एसवायच्या रसायनशास्त्रापलीकडची नाही. हे पुण्याला सुचले याचा आनंद आहे. पण ज्या तालुक्याचा अर्धा पोटापाण्याचा प्रश्न प्लास्टरवर उभा आहे तिथल्या प्रयोगशाळेत मुले दरवर्षी तेच अज्ञात क्षार ओळखत असतात, कारण प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला तेच येतात. दोष त्या प्राध्यापकांचा नाही. अभ्यासक्रम मंडळाने ठरवलेल्या यादीबाहेरचा प्रयोग घेतला तर त्याला गुण कुठे द्यायचे?

इथे एक धोका आहे, आणि तो लपवून पुढे जाणे बरे नाही. ‘स्थानिक ज्ञान’, ‘परिसराशी जोडलेले शिक्षण’ हे शब्द ऐकायला गोड असतात. पण त्यांचा अर्थ ‘आगऱ्याच्या पोराने भात शिकावा आणि दादरच्या पोराने अर्थशास्त्र’ असा होऊ लागला तर ती सुधारणा नव्हे, जातीची जुनी व्यवस्था नव्या कपड्यांत आली. डोलवीला, नागोठण्याला, थळला, धाटावच्या एमआयडीसीत प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना आयटीआय करून फिटर-वेल्डर व्हायला सांगणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. कारखान्याचा व्यवस्थापक कुठल्या आयआयटीतून येतो हे विचारणारा कोणी नसतो. रोह्याकडच्या चिंतामण नावाच्या मुलाला संस्कृत मिळाले म्हणून त्याने पुढे मेघदूत मराठीत आणले आणि वनस्पतिशास्त्रात केंब्रिज गाठले. ते त्याला नाकारण्याचा अधिकार ‘परिसर’ या शब्दाला नाही. मला अपेक्षित आहे ते उलट्या दिशेने: खांडीपासून सुरू होऊन समुद्रशास्त्रापर्यंत जाता यावे, हॉलंडने आपले बांध कसे राखले तिथपर्यंत जाता यावे, आणि कालिदासाकडेही.

दुसरी अडचण परीक्षेच्या निःपक्षपातीपणाची. केंद्रीय परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. पण गावाच्या पुढाऱ्याची संस्था, त्याच्याच भाच्याची प्राचार्यपदी नेमणूक, आणि गुण त्यांच्याच हातात, अशा ठिकाणी कातकरी मुलाला न्याय कोण देणार? कलिन्यात बसलेला, त्याचे आडनाव न दिसणारा परीक्षक त्याला अधिक विश्वासाचा वाटला तर त्यात चूक नाही. चिंतामणराव ज्या परीक्षेच्या जोरावर वर गेले तिची ताकद हीच होती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नता १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून कॉलेजांना स्वायत्त करायचे म्हटले आहे. दिशा मला मान्य आहे. स्वायत्ततेची योजना आपल्याकडे १९७८ पासून आहे, आणि चांगल्या कॉलेजांनी तिचा चांगला उपयोगही केला. पण आतापर्यंत ती घेतली ती बहुतांश शहरातल्या, पैसा आणि नाव असलेल्या कॉलेजांनी. पेण-रोह्याच्या कॉलेजाला नुसते ‘तुम्ही आता स्वायत्त’ असे सांगणे म्हणजे खोल पाण्यात सोडून ‘तुम्ही आता पोहायला मोकळे’ म्हणणे आहे.

स्वायत्ततेआधी शिक्षक हवा, आणि तो कायम हवा. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय कॉलेजांना दार उघडले. त्या निर्णयाने मुलांना बंगळूर-मणिपालला न जाता इथेच शिकण्याची सोय झाली, हे खरे. पण शिक्षण ही शासनाची जबाबदारी आहे ही धारणा त्याच दारातून बाहेर गेली. मग अनुदानित कॉलेजांतल्याही जागा रिकाम्या राहू लागल्या आणि त्या भरल्या तासिका तत्त्वावर. नेट, सेट, पीएच.डी. झालेली माणसे आज सकाळी पेणला दोन तास, दुपारी दुसरीकडे दोन तास घेऊन, एस.टी.त बसून वह्या तपासतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना मानधन नाही. देशाचे उच्चशिक्षणातले पटनोंदणीचे प्रमाण २०२१–२२च्या सर्वेक्षणात २८.४ टक्के होते आणि २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. ती वाढलेली मुले शहरातली असणार नाहीत, कारण शहरातली बरीचशी आलेलीच आहेत. ती येणार गागोद्यासारख्या गावांतून, आणि त्यांच्यासमोर उभा राहणार तो तासावर बोलावलेला मास्तर.

या पुस्तकातल्या काही लेखांत शुल्क, खासगी विद्यापीठे, परदेशी विद्यापीठांना दिलेली परवानगी यांची सविस्तर चर्चा आहे. माझी मते त्यांच्याशी सगळीकडे जुळत नाहीत. परदेशी विद्यापीठांची मला भीती वाटत नाही. ती धरमतरला येणार नाहीत आणि इथल्या मुलाचे तिथे काही अडणारही नाही. भीती वाटते ती नव्या शब्दांची. श्रेयांक, श्रेयांक पेढी, बहुविद्याशाखीय, निर्गम-पर्याय. हे शब्द परिपत्रकातून येतात, तक्ते भरले जातात, नॅकच्या फायलीला जाड पुठ्ठा लागतो आणि वर्गात फळ्यावर तेच असते.

तरीही एक फट मला दिसते, आणि म्हणून ही प्रस्तावना तक्रारीवर थांबवता येत नाही. चिंतामणरावांच्या काळात देशात तीन वर्षांची पदवी रुजवण्यात आली. आता ती चार वर्षांची होते आहे, आणि चौथ्या वर्षी संशोधन घेऊन ऑनर्स करण्याची सोय आहे. शिवाय क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी निगडित काम यांना श्रेयांक ठेवले आहेत. म्हणजे कागदावर का होईना, खांड पडलेल्या बांधाचा अभ्यास हा पदवीचा भाग होऊ शकतो. पेणच्या मुलीने वाशी-वढावच्या बांधावर वर्षभर क्षार मोजावेत, जोळीत काम केलेल्या म्हाताऱ्यांशी बोलावे, पनवेलच्या केंद्रात जाऊन भाताच्या ओळी पाहाव्यात, खारभूमी खात्याकडून नकाशे मागवावेत, आणि जे सापडले ते मराठीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवावे, याला आता नियमाची आडकाठी नाही. त्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाशी, लोणेऱ्याशी एका कॉलेजाने करार करावा लागेल. तोही करता येतो.

अडते ते साध्या जागी. त्या मुलीबरोबर बांधावर जाणारे सर तासिका तत्त्वावर असतील, तर त्यांचे मानधन मोजले जाते ते वेळापत्रकात दाखवलेल्या तासांवर. ओहोटी काही वेळापत्रक पाहून येत नाही. ती रविवारी पहाटे असू शकते, आणि उघाडीतून पाणी कसे जाते ते तेव्हाच पाहायला मिळते. त्या पहाटेचा तास हजेरीपटाच्या कोणत्या रकान्यात लिहायचा, हे आधी ठरवावे लागेल. पुढच्या लेखांतला पहिला लेख याच रकान्यांविषयी आहे.